हिरवी डावी चप्पल

इंडोनेशियातल्या आमच्या सुराबायाच्या दुपारी अनवाणी उभं राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपून मी कॉलेजच्या नमाजघरातून बाहेर आले, पायरीवर पाय टाकला आणि बघते तर काय — एकच चप्पल! उजवी. डावी गायब.

हिरवी, रबरी, अंगठ्याची साधी चप्पल. नमाजघराच्या दारातून चप्पल जाण्यात नवल काहीच नाही, आमच्याकडे प्रत्येकाची एकदा तरी जातेच. पण चोर नेतो तर जोड नेतो. एकच चप्पल नेणारा हा कसला चोर? खरं सांगायचं तर मला रागाच्या आधी कुतूहलच वाटलं. नको तिथे नाक खुपसायची सवय मला लहानपणापासून आहे, आणि आईने त्यावर फार पूर्वीच हात टेकलेत.

शेजारच्या वर्कशॉपमधून ठक्... ठक्... असा आवाज येत होता. मी एका पायावर लंगडी घालत तिकडे गेले. आत फरशीवर मांडी घालून एक मुलगा बसला होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पोकळ छिन्नी, आणि मांडीजवळच्या लाकडी ठोकळ्यावर — माझी चप्पल. निम्मीअधिक चप्पल, बाकीच्या गोल चकत्या.

"ए! ती माझी आहे!"

त्याने वर बघितलं. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या पायातल्या हिरव्या चपलेकडे. मग ठोकळ्यावरच्या हिरव्या चपलेकडे. मग परत माझ्या पायाकडे.

"ही... तुमची होती, म्बाक?"

म्बाक म्हणजे ताई. तो चांगला शेवटच्या वर्षाचा आणि मी त्याच्याहून लहान, तरी ताई! यावरूनच ओळखा, गुन्हा किती मोठा झाला होता ते.

"होती नाही. आहे!"

"आता... होतीच म्हणावं लागेल," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हातोडी काही खाली ठेवली नव्हती. "बाहेर खोकं आहे ना आमचं... 'जुन्या चपला इथे टाका, रोबोसाठी'..."

"मी खोक्याशेजारी काढली होती. आत नाही, शेजारी!"

"शेजारीपण टाकतात कितीतरी जण."

"बरं. मग जोड का नाही घेतलास? उजवीने तुझं काय बिघडवलं होतं?"

आता मात्र त्याचे डोळे चमकले. "उजवी टाचेला झिजलीय. तुम्ही उजव्या पायावर जास्त जोर देऊन चालता. डावीचं रबर कसं सगळीकडे एकसारखं होतं. छान होती हो."

माझ्या चालण्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि हा पठ्ठ्या मला न बघताच माझी चाल ओळखून बसला होता. चिडावं की लाजावं ते कळेना, म्हणून मी तिसरीच गोष्ट केली. विचारलं, "करतोयस काय या चकत्यांचं?"

त्याने शेजारचं चाक उचलून माझ्यासमोर धरलं. चाक कसलं, कडेने तिरके तिरके छोटे रोलर बसवलेली चकतीच. प्रत्येक रोलर म्हणजे एका बारीक दांडीवर ओवलेल्या रबराच्या चकत्या, कानशीने घासून मध्ये फुगीर केलेल्या. निळ्या, पांढऱ्या, काळ्या. आणि आता हिरव्या.

"अशी चार चाकं," तो म्हणाला. "चारही वेगवेगळी फिरवली की रोबो पुढे जातो, मागे जातो आणि न वळता आडवा सरकतो. खेकड्यासारखा. विकतची मिळतात, पण ती आमच्या मैदानावर घसरतात. म्हणून घरचीच करतोय. चाकं, गिअर, सांगाडा... सगळं."

"आणि जमलं नाही तर?"

हातोडी थांबली. "रोबोंच्या स्पर्धेच्या आधी आमचे सर, पाक मुर्सिद, चाचणी घेणार आहेत. नाही जमलं तर मागच्या वर्षीचा जुना गाडा जाईल. आणि मी टीमबाहेर. सगळ्यांचे महिने माझ्या हट्टापायी गेलेत ना." मग परत ठोकळ्याकडे बघत म्हणाला, "माझं शेवटचं वर्ष आहे."

त्याचं नाव सेनो. उद्या नवी जोड आणतो म्हणाला. मी म्हटलं, नको. आधी माझी चप्पल जाते कुठे ते मला बघायचंय.

खोक्यातली एक भलीमोठी निळी चप्पल डाव्या पायात अडकवून मी निघाले. एक पाय हिरवा, एक निळा. व्हरांड्याच्या टोकाशी पोचेपर्यंत मला सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून बघतंय. पण मी वळले नाही. वळून बघितलं की आपण हरलो, असं माझं साधं गणित.

मी जहाजबांधणी शिकते. सत्र संपलं की मला सहा महिने दूर बाताम बेटावर जहाजाच्या कारखान्यात कामाला जायचं होतं. म्हणजे कुणात गुंतायची ही वेळच नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपच्या दारात हजर. चप्पल बघायला.

मग रोजच. मी कानशीने रोलर घासायची, तो दांड्या कापायचा. टीमची कॅप्टन लास्त्री रोबोचा प्रोग्राम लिहायची. कोपऱ्यातल्या टेबलावरून तिचं तोंड अखंड चालू असायचं.

"वेनिंग, जहाजं बुडवून झाली वाटतं? आता रोबो बुडवायला आलीस?"

"मी चप्पल राखायला आलेय."

"चप्पल म्हणे! सेनो, ऐकलंस का? राखण चाललीय तुझी."

सेनो मान वर करायचा नाही. त्याची ही एक खोडच होती. बोलायचा माझ्याशी, बघायचा चाकाकडे. "वेनिंग, पाना दे," हे पण चाकालाच. "जेवलीस का?" हे पण चाकालाच. संध्याकाळी फाटकाशी ताहू तेकवाल्याची तोफू कापायची कात्री टकटक वाजायला लागली की तो उठायचा आणि तळलेल्या तोफूच्या दोन पुड्या, बर्फाच्या चहाच्या दोन पिशव्या घेऊन यायचा. माझ्या चटणीत मिरची कमी असायची. मी कधी सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं मी तिखट खात नाही ते?" मी पिशवीतल्या नळीने चहा ओढत विचारलं.

"पहिल्या दिवशी तू चटणी सगळी कडेला सारलीस."

"म्हणजे माझ्या पुडीत बघतोस. तोंडाकडे तेवढं बघायचं नाही."

"पुडी... जवळ होती," तो चाकाला म्हणाला.

मला तो आवडायला लागला होता. उगाच आडपडदा कशाला! मला कोडी आवडतात आणि हा मुलगा तर नखशिखांत कोडंच होता. एवढं सगळं नेमकं टिपणारा माणूस माझ्या डोळ्यांत बघायला का घाबरतो, हे मला जाणून घ्यायचं होतं.

चाकं तयार झाली. सेनोने सांगाडा दोन लाल प्लास्टिकच्या स्टुलांवर पाठीवर उताणा टाकला, जसा तो नेहमी टाकायचा, आणि लॅपटॉपवरच्या चित्रात बघून एकेक चाक बसवलं. चित्रात चारही चाकांचे तिरके रोलर मिळून इंग्रजी एक्स अक्षर दिसायचं. सेनोने बसवलं तेही अगदी तसंच, सुबक एक्स. माझे हिरवे रोलर पुढच्या डाव्या चाकाला. "मुद्दाम," तो म्हणाला. "डावी आहे ना."

मग रोबो सरळ करून फ्लेक्सच्या मैदानावर ठेवला. रिमोट त्याच्या हातात. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे.

पुढे... गेला! मागे... आला! आडवा... अगदी अलगद, लोण्यावरून सरकावा तसा आडवा! लास्त्रीने किंकाळी फोडली, मी टाळ्या पिटल्या. आणि सेनोने वळायची कळ दाबली.

घुर्रर्र... मोटारी गुरगुरल्या, रोबो जागच्या जागी थरथरला. पण वळायला तयार नाही. परत दाबली, परत तेच. चारही चाकं जीव खाऊन फिरत होती आणि रोबो हट्टी म्हशीसारखा जिथल्या तिथे.

पुढचे दिवस फार वाईट गेले. कुणी म्हणे मोटारी कमी पडतायत, कुणी म्हणे वजन जास्त झालंय. सेनोला वाटायचं प्रोग्रामात चूक आहे. लास्त्री चिडून सांगायची, "माझा प्रोग्राम बरोबर आहे, हवं तर कुराणावर हात ठेवते." मोटारी बदलल्या, वजन उतरवलं, प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला. रोबो पुढे जायचा, मागे यायचा, आडवा जायचा. वळायचा तेवढा नाही. पाक मुर्सिद एकदा डोकावून गेले आणि शांतपणे म्हणाले, "जुना गाडा पुसून ठेवा, मुलांनो. शनिवारी लागेल."

 त्या संध्याकाळी कात्रीचा आवाज आला तरी सेनो उठला नाही. मीच जाऊन पुड्या आणल्या. त्याची तशीच राहिली.

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष जुम्म्याच्या नमाजेला गेले. लास्त्री खायला गेली. वर्कशॉपमध्ये मी आणि रोबो, दोघंच. जुना गाडा पुसून दाराशी ठेवला होता. मला त्याच्याकडे बघवेना. माझी चप्पल शर्यतीआधीच बाद होणार म्हणून वाईट वाटतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला सहन होत नव्हता.

मी रोबोजवळ जाऊन बसले. हिरवा रोलर खालून कसा टेकतो, म्हणून वाकले. नीट दिसेना. मग सरळ पोटावर आडवी झाले, गाल फरशीला टेकवला आणि त्याच्या पोटाखालून आरपार बघितलं.

जमिनीला टेकलेला माझा हिरवा रोलर तिरका होता, आणि त्याचं एक टोक थेट रोबोच्या मध्यावर रोखलेलं. पलीकडचा निळा? तोही मध्यावर. मागचे दोन्ही? तेही!

मी तशीच पडून राहिले. 

"वेनिंग! काय झालं? चक्कर आली का?" दारात सेनो. नमाजेआधी हातपाय-तोंड धुतलेल्या, वजूच्या पाण्याने केस अजून ओले.

"आडवा हो."

"काय?"

"इथे नाही, पलीकडून. गाल जमिनीला लाव."

तो गोंधळला, पण झाला आडवा. रोबोच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि मध्ये चार चाकं. त्याने गाल टेकवला, डोळे वर केले... आणि पहिल्यांदाच आमची नजरानजर झाली. पळायला त्याला जागाच नव्हती.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तू..."

फरशी गार होती. माझा गाल मात्र तापला.

"रोलरकडे बघ, मास," मी म्हटलं. दादा म्हणा, अहो म्हणा, आमच्या मास शब्दात सगळं मावतं. एवढ्या दिवसांत मी त्याला मास म्हटलं नव्हतं. चप्पलचोराला कसला मान द्यायचा?

"हो... रोलरकडेच. तेच म्हणतोय मी."

"हे चाक ढकलतं कुठल्या दिशेने?"

"रोलरच्या दांडीच्या दिशेने. जमिनीला टेकलेल्या."

"बोटाने दाखव."

त्याने हात आत घातला. एका चाकापासून बोट निघालं ते मध्यावर आलं. दुसऱ्यापासून, मध्यावर. मी माझ्या बाजूच्या दोघांपासून दाखवलं. आमची बोटं रोबोच्या पोटाखाली एकमेकांना लागली. दोघांनीही काढली नाहीत.

"बंदरात जहाज वळवायचं असलं," मी हळूच म्हटलं, "तर छोटी बोट टोकाला ढकलते. पोटाच्या मधोमध ढकलून जहाज कधी वळतं का? तुझी चारही चाकं मधोमध ढकलतायत."

"पण एक्स... चित्रात एक्स आहे. मी एक्सच बसवलाय."

"चित्र कुठून बघून काढलंय?"

"वरून."

"आणि तू बसवलास कुठून?"

 त्याची नजर त्या दोन लाल स्टुलांकडे गेली, ज्यांच्यावर रोबो नेहमी उताणा पडलेला असायचा.

"...पोटाकडून," तो म्हणाला. "या अल्ला! पोटाकडून एक्स, म्हणजे वरून बरोब्बर उलटं."

"तुझ्या रोबोने उलट्या पायात चपला घातल्यात, मास. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. लहान मुलं घालतात ना, तशा."

क्षणभर मला वाटलं, आता हा चिडणार. एवढे दिवस, एवढे लोक, आणि चूक ही! पण त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, गाल फरशीलाच टेकवून हसत होता, आणि माझ्याकडेच बघत होता.

लास्त्री परतली तेव्हा आम्ही डावी चाकं उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवत होतो. सगळं ऐकून तिने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर होता! आता माफी मागा. दोघं. आणि हो, जमिनीवर लोळून शोध लावतात हे आमच्या पुस्तकात नव्हतं हं."

शनिवारी पाक मुर्सिद खुर्ची टाकून बसले. त्यांनी मैदानावर पट्ट्या चिकटवून वाट आखली होती आणि तिच्यात वळणंच वळणं. रोबो पहिल्या वळणाशी आला. मी डोळे मिटले. मोटारी गुणगुणल्या, गुरगुरल्या नाहीत. डोळे उघडले तर रोबो वळून पुढे निघालासुद्धा! दुसरं वळण, तिसरं. शेवटी त्याने जागच्या जागी गिरकी घेतली, तेव्हा कोपऱ्यातून माझी हिरवी डावी झर्रकन चमकून गेली.

सर उठले, उकिडवे बसले आणि त्यांनी चाकावरून अंगठा फिरवला. "रबर कसलं हे? पकड चांगली आहे."

"चपलांचं, सर," सेनो पुटपुटला.

"कुणाच्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे.

"नमाजघराच्या दारातल्या?" सर परत खुर्चीवर बसले आणि त्यांनी हळूच स्वतःचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग हसले. "हाच जाईल. जुना गाडा ठेवून द्या परत. आणि सेनो, स्पर्धेत रिमोट तूच धरायचास."

एकच गलका झाला. त्या गलक्यात मी बाहेर पडले. दोन दिवसांनी माझं बातामचं विमान होतं, आणि चप्पल कुठे जाते ते बघून झालं होतं. आता तिथे थांबायला मला निमित्त उरलं नव्हतं.  एक पाय हिरवा, एक पाय निळा, व्हरांड्यातून मी चालत राहिले. वळायचं नाही, वळायचं नाही...

मागून गुणगुण ऐकू आली.

रोबो माझ्या बाजूने आला, पुढे गेला, खेकड्यासारखा आडवा सरकून थेट माझ्या वाटेत उभा राहिला. त्याच्या डोक्यावर एक चप्पल होती. नवी, हिरवी. डावी. ती मी उचलली, तेव्हा तो जागच्या जागी सावकाश वळला आणि वर्कशॉपच्या दाराकडे तोंड करून थांबला.

मग मीपण वळले.

दारात सेनो, हातात रिमोट. बघत होता तो रोबोकडे नव्हे, माझ्याकडे.

"रोज असाच बघतोस मी जाताना?" मी तिथूनच विचारलं.

"लंगडी घालत आलीस त्या दिवसापासून."

"मग समोर असले की चाकाकडे का बघायचास?"

"समोर असलीस की... हात थरथरतात. छिन्नी बोटावर बसली असती."

मी हसले. चप्पल उलटसुलट करून बघितली. "आणि ही एकटीच? जोडीदार कुठाय हिचा?"

त्याने पाठीमागचा हात पुढे केला. उजवी त्याच्याकडे होती. "ही इथेच राहील. तुझी जुनी उजवी आहे ना अजून... ती पार झिजली की न्यायला ये. माझ्याकडे."

"आणि नाही झिजली तर?"

"झिजेल. तुझी चाल ठाऊक आहे मला."

"मास," मी म्हटलं, "मला तू आवडतोस. एवढं सांगायला तुला चप्पल झिजायची वाट बघायची असली तर बघ. मी नाही बघणार."

त्याचं तोंड उघडं राहिलं. अंगठा रिमोटच्या कळीवर तसाच दाबलेला राहिला आणि आमच्या दोघांच्या मध्ये रोबो गोल गोल गोल फिरत सुटला.

"मला... मलापण," तो म्हणाला. "तू. कधीपासूनच." आतून लास्त्री ओरडली, "अरे, बॅटरी संपेल!"

बातामच्या कारखान्यात पायात जाडजूड बूट घालावे लागतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी ती जोडी घालते, डावी नवी आणि उजवी जुनी, आणि समुद्राकाठच्या रस्त्याने लांबच लांब चालते. उजव्या पायावर जोर देऊन. मुद्दाम. बरोबरच्या मुली विचारतात, पाय दुखतो का तुझा? मी म्हणते, नाही गं, काम चाललंय.

आज भर दुपारी चालता चालता उजव्या टाचेला चट्कन रस्त्याचा चटका बसला. मी तिथल्या तिथे थांबले, चप्पल काढून उन्हात धरली. टाचेतून आरपार आभाळ दिसत होतं. मग एका पायावर लंगडी घालत तशीच सुराबायाच्या तिकिटाच्या खिडकीकडे सुटले.